धुऱ्यावरचा इलाज

हकीमसाहेब गेल्याची बातमी आमच्या घरी नेमकी भांडणाच्या वेळेला आली. दिवस कलला की आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे श्रीपतराव, डोक्याला रुमाल गुंडाळून, हातात काठी घेऊन शेताची वाट धरत. दोन शेतांमधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. त्या धुऱ्यावर हकीमसाहेब आधीच येऊन बसलेले असत, आणि मग दिवेलागणीपर्यंत दोघांचं जे काही चाले ते पार पांदणीपर्यंत, म्हणजे शेतांकडच्या गाडीवाटेपर्यंत, ऐकू येई. त्या दिवशी मामंजी उंबरठ्यात उभे राहून वहाणा चढवत होते. तेवढ्यात शेजारच्या शेताचा मालक रामदास धापा टाकत आला. "काका, आज नका जाऊ," तो म्हणाला, "यासीन हकीम गेले. दुपारी जेवले, आडवे झाले, अन् उठलेच नाई." मामंजींनी दुसरी वहाण पायात घातली आणि परत काढली. "असा कसा गेला?" ते म्हणाले, "कालचं बोलनं अर्धंच राह्यलं हाये आमचं..."

मामंजी कबरस्तानात गेले, सगळ्यांबरोबर मातीही देऊन आले. आमचे हे सोबत होते. मी यांना आल्या आल्या विचारलं, मामंजी तिथे काही बोलले का? कारण मला खात्री होती की कबर थोडी तिरपी झाली, असं तरी ते म्हणणारच. हकीमसाहेबांचं काहीही सरळ नसतं हे त्यांचं इतक्या वर्षांचं ठाम मत होतं. पण हे म्हणाले, नाही, एक शब्द नाही. मामंजींचं गप्प राहणं मी पूर्वी एकदा पाहिलेलं होतं, आणि त्यातून त्यांना बाहेर काढणारा माणूस आता राहिला नव्हता. हे लिहायला बसले आहे ते हकीमसाहेबांसाठी, पण त्यांच्याबद्दल काहीही सांगायचं तर सुरुवात आमच्या मामंजींच्या तोंडापासूनच करावी लागते.

मी चिखलीची. लग्न होऊन धामणगाव बढ्याला आले तेव्हा पहिल्याच दिवशी मला कळलं की या घरात घड्याळाची गरज नाही. पहाटे मामंजी बैलांवर ओरडत, मग पाणी तापलं नाही म्हणून सासूबाईंवर, मग भाजीत मीठ नाही म्हणून माझ्यावर, आणि ऊन वर आलं की शेताच्या धुऱ्यावर शेजारच्या गणूजींवर. गणूजी म्हणजे या रामदासचे वडील. दोघांचं भांडण धुऱ्याचं. तो नक्की कुठून जातो, यावर दोघांनी तारुण्य घालवलं होतं. मलकापूरच्या कचेरीत फेऱ्या मारल्या होत्या, एकाच गाडीत बसून जात, कारण दोघांची तारीख एकच, आणि वाटेतही भांडत. गणूजींनी रात्रीतून धुरा चार बोटं सरकवला म्हणून मामंजी ओरडत आणि मामंजींनी तो पाच बोटं सरकवला म्हणून गणूजी. मधल्यामध्ये तो बिचारा धुरा चालून चालून थकला असावा.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं, आणि अशात पोळा झाल्यावर गणूजी तापानं गेले. तेरवी आटोपल्यावर रामदास आमच्या घरी आला, मामंजींच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "काका, बापानं मरताना सांगतलं, श्रीपतरावाशी भांडू नको. धुरा तुमचा. तुम्ही म्हनान तिथून." मामंजी त्याच्याकडे बघतच राहिले. मग "बरं" म्हणाले. त्यानंतर ते ज्याला त्याला "बरं"च म्हणू लागले. पाणी तापलं नाही, बरं. मीठ नाही, बरं. बैल सुटला, बरं. पुढे पुढे तर "बरं"ही बंद झालं. ओसरीवर खाटेवर बसायचे आणि भिंतीकडे बघायचे. जेवण समोर ठेवलं तर जेवायचे, नाही ठेवलं तर मागायचे नाहीत.

आता खरं सांगायचं तर पहिले काही दिवस आमच्या घरात सण होता. सासूबाई तर म्हणाल्या की मारुतीनं ऐकलं, आणि जाऊन नारळ फोडून आल्या. मी पहिल्यांदाच स्वयंपाक करताना गाणं गुणगुणले. हे पायांचा आवाज होऊ न देता घरात यायचे, ती सवय त्यांनी सोडली. माणूस आजारी आहे हे आमच्या कोणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण त्या आजारानं घर इतकं छान चाललं होतं. दसऱ्याला थोरले भाऊजी, माझे मोठे दीर, अकोल्याहून आले, आणि आपट्याची पानं द्यायला वाकले तर मामंजींनी हातसुद्धा पुढे केला नाही. भाऊजी कारकून माणूस, व्यवस्थित. ते म्हणाले, "बाबाले बह्याडपणा लागला. दिवाळी झाली की मी याइले नागपूरले नेतो. तिथं पागलखान्यात डाक्टर हायेत." पागलखाना हा शब्द ऐकला आणि सासूबाईंनी पदर तोंडात धरला. तिथे गेलेला माणूस परत आल्याचं आमच्या गावात कोणी पाहिलं नव्हतं. आम्ही त्यांच्या ओरडण्याला कंटाळलो होतो हे खरं, पण त्यांच्यावाचून घर आम्हाला नको होतं. ही गोष्ट आम्हाला त्या संध्याकाळी, एकमेकांकडे न बघता, कळली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी यासीन हकिमांना बोलावणं धाडलं. ते मूळचे रोहिणखेडचे. दवाखाना आमच्या बाजार ओळीत. उंच, वाळके, दाढी मेंदीनं रंगवलेली, तोंडात पान. कुठल्याही दुखण्यावर आधी आवळ्याचा मुरब्बा देत, आणि तो इतका चांगला असे की बाजाराच्या दिवशी निम्मं गाव दवाखान्यासमोर कण्हत उभं राही. त्यांची बायको मात्र स्वतः आजारी पडली की सरळ मोताळ्याला दुसऱ्या वैद्याकडे जायची. हे ते स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगत. त्यांनी मामंजींची नाडी धरली. ती इतका वेळ धरली की आम्हाला वाटलं त्यांना डुलकी लागली. मग हात सोडून ते ओसरीवर बसले आणि विचारलं, "याइनं आखरी कोनावर आवाज चढवला? कधी?" आम्ही आठवू लागलो. हे म्हणाले, बैलावर. सासूबाई म्हणाल्या, माझ्यावर. बराच वेळ त्या मानासाठी मायलेकांचं जुंपलं. शेवटी ठरलं की आखरीचा आवाज गणूजींवरच चढला होता, धुऱ्यावर, ते तापानं पडायच्या आदल्या दिवशी. "मंग भाभी," हकीमसाहेब म्हणाले, "याइचं दुखनं डोक्यात नाई. धुऱ्यावर हाये. तिथं त्याइचा मानूस होता, तो गेला. मैतावर रडता येते, पन दुश्मनाच्या मैतावर कसं रडावं, ते याइले कोनी शिकवलं नाई."

मग त्यांनी इलाज सांगितला. दाराआड मी पदर सावरून उभी होते, पण त्यांनी मलाही पुढे बोलावलं, कारण इलाजात माझं काम होतं. ते म्हणाले, गोळी-काढा काही नाही. मुरब्बा ठेवून जातो, तो तुम्हीच खा, तुम्हाला लागेल. आधी मुक्काम ठरवू या. तुम्हाला हे कसे परत पाहिजेत? सासूबाई म्हणाल्या, हसते-खेळते. हकीमसाहेबांनी विचारलं, पहिले कधी हसत होते का? सासूबाईंनी मान हलवली, नाही. "मंग नसता मुक्काम काऊन धरता? श्रीपतराव आपल्या मनानं, आपल्या तोंडानं, कोनाले तरी एक सनसनीत शिवी देतीन, त्या दिवशी इलाज पुरा. तोवर भाभी, तुम्ही कसं वाटते म्हनून पुसायचं नाई, त्यानं मानूस अजून बिमार होते. पोरानं मळ्यात एक काम रोज उलटं करायचं. अन् बेटी, तू मिठाचं बघ." दर बाजाराच्या दिवशी येऊन ते फरक बघणार होते. उठता उठता ते मामंजींच्या खाटेशी गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "श्रीपतराव, घरच्याइनं तुमच्याशी भांडायचं ठरवलं हाये. तुमच्याशिवाय हा इलाज होत नाई. मंजूर हाये का?" मामंजी भिंतीकडे बघत म्हणाले, "करा." हकीमसाहेब आमच्याकडे वळून म्हणाले, बघा, एक शब्द तर आजच निघाला.

माझ्या वाट्याला आलेल्या कामाचं दुःख स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच कळेल. वर्षभर ज्यांनी माझ्या भाजीला नावं ठेवली, त्यांच्यासाठी आता मुद्दाम वाईट रांधायचं. पहिल्या दिवशी वांग्याच्या भाजीत मी मूठभर मीठ टाकलं. मामंजी जेवले, हात धुतले, खाटेवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी अळणी वरण. जेवले. तिसऱ्या दिवशी भाकरी एका बाजूनं काळी आणि दुसऱ्या बाजूनं कच्ची केली, तर तीही मुकाट्यानं संपवली. त्यांच्या पंगतीला बसणाऱ्यांनाही तेच खावं लागे. सासूबाई दिवसभर पाणी पीत हिंडायच्या, आणि हे मळ्यात वांगी कच्चीच खाऊ लागले. एके दिवशी मला राहवलं नाही, मी माहेरी शिकलेली उत्तम भाजी केली. मामंजी तीही तशीच जेवले... तेव्हा मात्र मी चुलीपुढे बसून रडले. वाईट भाजीला न ओरडणारा माणूस चालेल, पण चांगल्या भाजीत खोट न काढणारे मामंजी मला बघवेनात.

इकडे यांनी मळ्यात उलटी कामं सुरू केली. मिरचीला नको तेव्हा पाणी, वाफे उताराच्या उलट. मामंजी मळ्याकडे फिरकलेच नाहीत, मिरची तेवढी गेली. त्यात गावाला वास लागला. श्रीपतरावाले भांडण लिहून दिलं हकिमानं, अशी बातमी फुटली आणि बाजाराच्या दिवशी आमच्या अंगणात माणसं जमली. सगळ्यांना पुण्य हवं होतं. सुतार आला, म्हणाला तुमच्या तिफणीचा दांडा मी मुद्दाम कच्चा घातला होता. शिंपी आला, म्हणाला तुमच्या बंडीचं उरलेलं कापड मीच ठेवलं. मामंजी ऐकत होते. तेवढ्यात सुताराला आठवलं की त्याच्याही बंडीचं कापड कमी भरलं होतं, आणि शिंप्याला आठवलं की त्याचा दरवाजा अजून लागत नाही. बघता बघता अंगणात असं रण माजलं की कोंबड्या छपरावर चढल्या. मामंजींनी आपली खाट हळूच उचलली आणि आत नेऊन ठेवली. हकीमसाहेब कोपऱ्यात उभे राहून पान चघळत होते. "एका बिमाराची दवाई," ते म्हणाले, "साऱ्या गावानं पिऊन टाकली." जाताना मला एवढंच म्हणाले की चूक माझी आहे, हे सगळं नाटक आहे आणि श्रीपतरावांना ते कळतं. भांडण खरं पाहिजे.

ते रामदासकडे गेले. त्याला म्हणाले, धुरा परत माग. रामदास म्हणाला, बापाला वचन दिलं आहे, मान कापली तरी मागणार नाही. हकीमसाहेबांनी त्याला अल्लाची आण घातली, त्यानं महादेवाची घातली. शेवटी हकीमसाहेब म्हणाले, मग धुऱ्याजवळचा तुकडा मला बटईनं दे, पिकेल त्यातलं अर्धं तुझं. रामदासनं विचारलं, तुमच्या हाताला वखर-तिफण माहीत आहे का? ते म्हणाले, खलबत्ता माहीत आहे. आणि त्या वाळक्या, मेंदीच्या दाढीच्या माणसानं, ज्यानं जन्मात बैलाला 'हो' म्हटलं नव्हतं, रामदासची जोडी धरून त्या तुकड्यात हरभरा पेरला. पांदणीनं जाणारी माणसं थांबून बघत. बैल एकीकडे, हकीमसाहेब दुसरीकडे आणि तिफण मनाला येईल तिकडे. आमचे हे ते पाहून तावातावानं घरी आले, म्हणाले हकिमाची पेर धुरा ओलांडून आपल्या वावरात शिरली आहे. सासूबाई म्हणाल्या, "चूप बस. अन् बापाले सांगू नको."

दिवाळी झाली. भाऊजी ठरल्याप्रमाणे आले. मलकापूरच्या स्टेशनापर्यंत दमणी, तिथून आगगाडी. मामंजींचं धोतर-बंडी सासूबाईंनी गाठोड्यात बांधलं. त्यांनी मला सांगितलं, तूही बैस दमणीत, स्टेशनावर तेवढं त्यांना दोन घास भरव. तर असे आम्ही निघालो. हे बैल हाकत, भाऊजी पुढे, मामंजी आणि मी मागे. पांदण आमच्या शेताला लागूनच जाते. हरभरा नुकता उगवून वर आला होता, हिरवा, आणि सकाळच्या उन्हात त्याचे तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, स्पष्ट दिसत होते. असे तास मी आजवर पाहिले नाहीत. एक इकडे वळलेला, एक तिकडे, दोन मध्येच एकमेकांना भेटलेले, आणि तीन-चार सरळ धुऱ्यावरून उडी मारून आमच्या शेतात येऊन बसलेले. मामंजी त्याकडे बघत होते. त्यांची मान वळली... दमणी पुढे गेली तशी आणखी वळली. मग त्यांनी माझा खांदा धरला आणि उभे राहिले. "थांबव बे गाडी!" यांनी बैल असे ओढले की भाऊजी खालीच पडले. "हे कोन्या गधड्यानं पेरलं?" मामंजी ओरडले. तो आवाज ऐकून बैलांनी कान टवकारले, त्यांना ओळखीचा वाटला असावा. "कोन्या भाड्यानं माह्या वावरात तास घातला?" आणि धोतर सावरत, काट्याकुट्यांतून, तो भिंतीकडे बघत बसणारा माणूस चालत नव्हे, धावत निघाला.

हकीमसाहेब धुऱ्यावरच बसले होते. ते उठले नाहीत. शांतपणे म्हणाले, "हा माहा तास हाये. धुरा इथूनच जाते. गनूजी बरोबर सांगत होता." पुढे जे झालं ते मी लिहू शकत नाही, कारण ज्या पेपराच्या पुरवणीसाठी हे लिहिते आहे तिच्यात ते छापता येणार नाही. मी दमणीत बसून हसत होते आणि रडत होते. भाऊजी गुडघ्याची माती झटकत म्हणाले, "आता याइले नागपूरले काय म्हनून नेऊ?" आणि गाडी माघारी फिरली. त्या दुपारी मामंजी जेवायला बसले, पहिला घास घेतला, ताट सरकवलं आणि म्हणाले, "सूनबाई, भाजी हाये का खारं पानी हाये हे?" ती भाजी उत्तम झाली होती हे मी आजही शपथेवर सांगेन. पण मी म्हटलं, चुकलं मामंजी, आणि आत जाऊन मुरब्ब्याची बरणी उघडली.

पुढे मी हकीमसाहेबांना एकदा विचारलं की तुम्ही ते तास मुद्दाम वाकडे काढले होते का? ते थोडे दुखावलेच. "बेटी, मी तर जीव तोडून सरळ काढत होतो." तो तुकडा त्यांनी मग सोडलाच नाही. दर वर्षी हरभरा, दर वर्षी वाकडा. धुऱ्यावर त्यांनी औषधाला म्हणून कोरफडीची रोपं लावली, आणि त्यातलं एखादं जाता जाता वीतभर आमच्या बाजूला सरकवून जात. दुसऱ्या दिवशी मामंजी ते उपटून वीतभर पलीकडे लावत. त्यावरून रोजचं भांडण. गाव म्हणे, हे दोघं एक दिवस एकमेकांचा जीव घेतील. ईदला शिरखुर्म्याचा पहिला डबा आमच्याकडे येई आणि मामंजी तो चाटूनपुसून खाऊन म्हणत, हकिमाच्या घरी साखर संपलेली दिसते. मागच्या साली हकीमसाहेब खूप खोकत होते. मी अंगणात तूर पाखडत होते, तिथे ते टेकले. "इलाजात एक खोट राह्यली, बेटी," ते म्हणाले. "सारी दवाई मी माह्याच हातात ठेवली. दुसरा हात तयार कराले पायजे होता." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुले भांडता येते का?" मी म्हटलं, सासूबाईंना विचारा. ते खोकत खोकत हसले. मला वाटलं, थट्टा करताहेत.

ते गेल्यावर मामंजी पुन्हा खाटेवर बसले. भिंतीकडे तोंड. पहिल्या दिवशी मी समजूत घातली की माणसाला दुःख होणारच. पण मग मीठ नसलेलं वरण गेलं, गार पाणी गेलं, आणि एके दुपारी सासूबाईंनी भाकरी वाढू का विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बरं." सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या आता थकल्या आहेत, त्यांच्याच्यानं ओरडवत नाही. हे म्हणाले, दुसरा हकीम बघू. मी काही न बोलता खुरपं घेतलं आणि शेतात गेले. धुऱ्यावरची सगळ्यात मोठी कोरफड मुळासकट काढली आणि वीतभर नाही, चांगली हातभर आमच्या बाजूला आणून लावली. हात मातीचे तसेच ठेवून घरी आले, मामंजींपुढे ताट ठेवलं आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सासूबाईंना म्हटलं, "धुरा आज मी नीट पाह्यला. हकीमसाहेबाइचंच बरोबर होतं." मामंजींचा घास हातात थांबला.

सकाळी उठले तर उंबरठ्यात वहाणा नव्हत्या. मी खुरपं उचललं आणि पांदणीनं धावतच गेले. मामंजी धुऱ्यावर उभे होते, दोन्ही हात काठीवर. त्यांनी मला येताना पाहिलं. "कोनं लावली ही?" "मी." "काऊन?" चौदा वर्षांत मी या माणसाला उलटून बोलले नव्हते. मी म्हटलं, "धुरा इथूनच जाते, मामंजी. तेच बरोबर होते, तुमचंच चुकलं." त्यांचे ओठ हलले... आणि मग तो आवाज आला. "बरोबर? तो बरोबर? अवं, त्याले जन्मात एक तास सरळ काढता आला नाई, अन् त्याचा धुरा बरोबर? लबाड, जाताना सांगून नाई गेला, अन् तू त्याची बाजू घेतं?" ओरडता ओरडता त्यांचा आवाज फाटला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी ते थांबले नाहीत. हकिमाला, गणूजीला, मला, सगळ्यांना एकत्र शिव्या देत ते खाली बसले, माझ्या हातातलं खुरपं हिसकावलं, कोरफड काढली, नेऊन धुऱ्यापलीकडे लावली आणि तिच्या बुडाशी हातानं माती दाबली. फार हळू दाबली.

आता दिवस कलला की मामंजी वहाणा चढवतात. कोरफड काल त्यांनी परत पलीकडे नेली आहे. आज भाकरी लवकर टाकून मला शेतात जायचं आहे.